बाईंच्या तोंडचा शब्द

बाईंना गल्लीत सगळे कात्रीबाई म्हणायचे. हे त्यांना ठाऊक नाही असं ज्याला वाटायचं तो शुद्ध बावळट, कारण त्या गल्लीत बाईंच्या कानावर न जाता काही घडत नसे. एकदा एक टॅक्सीवाला जिन्यात म्हणाला, "चला रे, कात्रीबाईंनी दार उघडलं." वर येऊन बाकावर टेकतो न टेकतो तोच बाईंनी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि कात्रीच त्याच्या हातात दिली. म्हणाल्या, "घे, आज तूच काप. बघू किती धार आहे तुझ्या जिभेला."

कात्रीची गोष्ट अशी. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी घरात इंग्रजीचा वर्ग काढला, तोही मोठ्या माणसांचा. लहान मुलांसाठी शाळा आहेत, या घोड्यांना कोण शिकवणार, असं त्यांचं म्हणणं. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत त्या राहायच्या, पुढच्या खोलीत दोन बाक, एक फळा आणि एक लाकडी खुर्ची. संध्याकाळी दिवसभर गाडी हाकून दमलेला टॅक्सीवाला यायचा, दुसऱ्यांच्या भुवया कोरून डोळे चुरचुरणारी पार्लरवाली यायची, दुकानात, गोदामात, दवाखान्यात कामाला असलेले आणखी चारदोन जण यायचे. यांना इंग्रजी हवं होतं ते पोटासाठी. आणि त्यांना सगळ्यांत जास्त पिडायचे ते इंग्रजीतले तोडके शब्द. अख्खा शब्द निदान शब्दकोशात सापडतो. तोडका शब्द म्हणजे पत्ता न सांगता घर सोडून गेलेला माणूस, शोधायचा कुठे?

म्हणून बाई जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लांबलचक शब्द लिहायच्या, त्याच्या पट्ट्या करायच्या, आणि भर वर्गात कात्री चालवायच्या. टेलिफोनची पट्टी धरली की कच्चकन् डोकं उडायचं, हातात फोन राहायचा. लॅबोरेटरीचं धड आणि शेपूट जमिनीवर, हातात लॅब. इन्फ्लुएन्झाला दोन्हीकडून सोललं की मधला फ्लू उरायचा. डॉक्टर लिहिताना मात्र पोट काढून टाकायचं, पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवायचं, पण तोंडाने म्हणायचं अख्खं डॉक्टर. "लिहिताना कंजूष, बोलताना उदार," बाई म्हणायच्या, "असे हे लोक." मग पहिल्या अक्षरांचे शब्द. टीव्ही म्हणताना अक्षरं सुटी सुटी म्हणायची, रडार म्हणताना मात्र सगळी एकत्र गिळायची; असं का, तर तोंडाला सोपं पडतं म्हणून, दुसरं काही कारण नाही. पार्लरवाली एकदा एटीएम मशीन म्हणाली, तर बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, त्या शेवटच्या एममध्ये मशीनच बसलंय. तू वर दुसरं कशाला आणतेस?"

पण बाईंचा सगळ्यांत लाडका शब्द होता बस. ती पट्टी त्या नेहमी तास संपायच्या बेताला काढायच्या. पट्टीवर लिहिलेलं असायचं ओम्निबस, म्हणजे जुन्या लॅटिन भाषेत 'सगळ्यांसाठी'. कात्री चालली की पुढचा सगळा अर्थ खाली पडायचा आणि उरायचं ते नुसतं शेपूट, ज्याला एकट्याला त्या भाषेत काडीचा अर्थ नाही. "आणि बघा," बाई ते शेपूट हवेत धरून म्हणायच्या, "डोकं गेलं, धड गेलं, नुसतं शेपूट रस्त्यावर धावतंय. आणि तुम्ही सगळे त्यात बसून कामाला जाताय. कोणाचं काही अडलं?"

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाईंच्या वर्गात एक नियम होता. फळ्यापाशी उभा असलेला अडला, शब्द ओठावर येऊन थांबला, तर बाकीच्यांनी तो पुरा करायचा नाही. हाताची घडी घालायची, तोंडावर बोट ठेवायचं आणि थांबायचं. हो, लहान मुलांसारखं. झुपकेदार मिशांचा टॅक्सीवाला मिशीवर बोट ठेवून बसायचा तेव्हा बघण्यासारखं ध्यान दिसायचं. तो सुरुवातीला फार मध्ये बोलायचा. कोणी 'व्हे' म्हटलं की याने 'व्हेजिटेबल' ओरडलंच. बाईंनी त्याला सुनावलं होतं, "दुसऱ्याच्या तोंडचा शब्द काढून घेणं म्हणजे ताटातला घास उचलणं. भूक लागली असेल तर आपल्या ताटातलं खा."

अशा बाईंच्याच तोंडचा शब्द एका सकाळी गेला.

चहाचं आधण ठेवलं होतं. कप उचलायला हात पुढे केला, तर हात गेलाच नाही. कप फुटला, मागोमाग बाई खाली. वरच्या मजल्यावरच्या पार्लरवालीने आवाज ऐकला, टॅक्सीवाल्याला फोन केला, त्याने दोन हातांवर उचलून गाडीत घातलं. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, उजवा पाय फरफटत का होईना चालू लागला, उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. डोकं शाबूत होतं. आणि खरा छळ तोच होता. शब्द डोक्यात अख्खा, कडक इस्त्री करून उभा असायचा. ओठांपर्यंत येताना कधी त्याचं डोकं गळायचं, कधी धड. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांना शब्द कुठे कापायचा ते शिकवलं, तिच्या तोंडात आता कोणीतरी आंधळी कात्री फिरवत होतं.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी बाईंनी "प... प..." केलं आणि मुलगा धावला. "पाणी? पाणी हवंय आईला." पाणी आलं. थोड्या वेळाने पुन्हा "प..." आणि पुन्हा पाणी. बाईंना हवा होता पडदा. खिडकीतलं ऊन नेमकं डोळ्यांत घुसत होतं. दिवसभर त्यांना इतकं पाणी पाजलं की संध्याकाळी नर्सने विचारलं, यांना तहान का एवढी लागते. ऊन तेवढ्यात आपलं आपणच निघून गेलं होतं.

मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर काम सोपं होतं, दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. दुसऱ्या शहरात नोकरी, बायको, उंच इमारतीत घर. सगळं टाकून तो आईच्या उशाशी येऊन बसला होता, डोळे लाल, दाढी वाढलेली. त्याने विचारलं, "आई, आता तू माझ्याकडेच राहायचं. चालेल ना?" बाई उत्तर जमवू लागल्या. उत्तर लांब होतं, चांगलं दणदणीत होतं, पण ते ओठांवर यायच्या आधीच मुलाने त्यांचा हात थोपटला. "चालेल. ठरलं मग."

बाईंनी मान हलवली. जोरात हलवली. "ना," असं स्पष्ट म्हणाल्या. तेवढं त्यांना यायचं.

"संकोच वाटतोय तिला," मुलगा नर्सला म्हणाला. "आपलं ओझं नको म्हणते. अशीच आहे ती पहिल्यापासून."

आता काय बोलणार? बाईंना पलंगाची दांडी उपटून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. 'नाही' या शब्दालासुद्धा मागे एक शेपूट असतं, का नाही ते सांगणारं, आणि ते शेपूट लोक आपल्या मनाने लावतात, हे त्यांना त्या पलंगावर पडल्या पडल्या कळलं. तोडका शब्द चालतो कशावर? ऐकणाऱ्याच्या डोक्यात तो अख्खा असतो, त्यावर. पण ऐकणाऱ्याने डोक्यात तुमच्याऐवजी स्वतःचंच काही भरून ठेवलं असेल, तर तुम्ही काहीही बोला, तो त्याचंच ऐकणार.

घरी आल्यावर मुलाने भराभर कामं उरकली. रंगीत चित्रांची कार्डं आणली: कप, कंगवा, घड्याळ. बोलता येत नसेल तेव्हा बोट दाखवायचं. बाईंनी ती एकेक करून पालथी घातली. चाकांची खुर्ची आणली. तिच्यावर त्यांनी वाळत घालायचे टॉवेल टाकले. घरमालक भेटायला आला तेव्हा मुलगा बाईंच्या देखत म्हणाला, "महिनाअखेर खोल्या रिकाम्या करतो. आईशी बोललोय मी." बोललास खरा, बाईंच्या मनात आलं, तूच बोललास. फोनवर सूनबाई म्हणाली, "आई, तुमच्यासाठी खिडकीजवळची खोली आवरून ठेवलीय, दिवसभर आराम करा आता." पोर मायेची होती, पण आराम हा शब्द ऐकून बाईंच्या अंगावर काटा आला. त्या खिडकीपाशी त्यांना कोण विचारणार होतं, बाई हे असं का, बाई ते तसं का? तिथे त्या कोणाची तरी आई असणार होत्या, आजारी आई, आणि संपलं. इथे त्या बाई होत्या.

मुलगा चार दिवसांसाठी आपल्या घरी गेला, टेम्पोचं ठरवून परत येतो म्हणून. पार्लरवाली रात्री सोबतीला झोपायची. दुसऱ्याच संध्याकाळी टॅक्सीवाला निरोप घ्यायला आला, मागून बाकीचे आले. सगळे गपचूप बाकांवर बसले, आपापल्या नेहमीच्या जागी. बाई लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचं लक्ष दाराकडे गेलं, कपाळावर आठी आली, तोंड उघडलं. "च... च..."

"चहा?" पार्लरवाली उठलीच. "करते हं, बाई."

तेवढ्यात टॅक्सीवाल्याने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. हाताची घडी घातली, मिशीवर बोट ठेवलं आणि सरळ बाईंकडे बघत बसला. क्षणभर कोणाला काही उमगेना. मग दुसऱ्याने बोट ठेवलं, तिसऱ्याने ठेवलं, पार्लरवालीनेही ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोट हललं नाही.

खालून गाड्यांचे आवाज येत होते. बाईंनी शब्द धरला, तो सुटला; पुन्हा धरला, अर्धा आला; कपाळाची शीर फुगली, घाम फुटला. कोणी हललं नाही, कोणी मदतीला धावलं नाही, कोणी कीव केली नाही. आणि मग, आजारानंतर पहिल्यांदा, बाईंच्या तोंडून अख्खं वाक्य बाहेर पडलं.

"चपला... बाहेर... काढ."

टॅक्सीवाला सहा फुटी गडी, पण तिथेच हुंदका देऊन रडला. रडता रडता उठला आणि पायातल्या चपला बाहेर काढून आला. बाईंना अस्सा आनंद झाला की काय सांगावं. इतके दिवस लोकांनी त्यांना पाणी दिलं होतं, उशा दिल्या होत्या, धीर दिला होता. वेळ कोणी दिला नव्हता. तो या लेकाने दिला.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू झाला. कोणी सुरू केला म्हणाल तर बाईंनीच. डाव्या हाताने फळा पुसला आणि दार उघडं ठेवलं. उजव्या हातात कात्री धरता येईना, डाव्या हातात ती चालेना. पार्लरवाली म्हणाली, "द्या, मी कापते." बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने हात मागे घेतला. मग बाईंनी ओम्निबसची पट्टी डाव्या हातात धरली, एक टोक दातांत पकडलं आणि टर्रकन् फाडली. वेडीवाकडी फाटली. तोंडातला तुकडा त्यांनी जमिनीवर थुंकला आणि उरलेलं शेपूट हवेत धरलं. तोंड वाकडं, पदर घसरलेला, हनुवटीवर लाळ.

"हे..." बाई म्हणाल्या. सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "हे... धाव...तं. मी...पण."

त्या दिवशी इंग्रजी फारसं झालं नाही, तोडका शब्द मात्र सगळ्यांना कळला. बोलणाऱ्याने थोडं टाकलं तर ऐकणाऱ्याला थोडं उचलावं लागतं, आणि उचलायचं तर आधी ते खाली पडू द्यावं लागतं. मधल्यामधे झेलायची घाई केली की हातात भलतंच येतं.

मुलगा परतला तो टेम्पो घेऊनच. सकाळची वेळ. टेम्पोवाल्याने गाडी दाराशी लावली आणि खालून हाक दिली, "साहेब, सामान कुठाय?" मुलगा वर आला, येताना दोन मोठे खोके घेऊन आला. त्याने गादी गुंडाळली, भांडी खोक्यात घातली. पुढच्या खोलीत आला तर बाई फळ्यापुढच्या लाकडी खुर्चीत ताठ बसलेल्या. नीट नेसलेलं लुगडं, विंचरलेले केस, मांडीवर तो निकामी हात आणि त्यावर दुसरा हात.

"आई, उठतेस ना? खुर्ची द्यायची आहे कोणाला तरी."

"ना."

"अगं, तिकडे चांगली गादीची खुर्ची आहे. तू उगाच मनाला लावून घेऊ नको. ओझं वगैरे काही..."

बाईंनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

मुलगा थांबला. तो लहानपणी बाईंच्याच शाळेत, बाईंच्याच वर्गात होता. घरी आई आणि वर्गात बाई; चुकून वर्गात आई म्हणून हाक मारली की सगळी पोरं खिदळायची. तेव्हापासून ते बोट त्याच्या अंगात भिनलेलं होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, हातात बांधायची दोरी, आणि त्याचे हात आपोआप घडीत गेले. दोरी खाली पडली. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि कधी बसला ते त्याचं त्यालाही कळलं नाही, पण पहिल्या बाकावर बसला.

"सं..." बाई म्हणाल्या. शब्द अडला. मुलाचे ओठ हलले. बाईंनी डोळे वटारले. ओठ मिटले.

"सं...कोच... नाही."

खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. मुलाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी दम घेतला. पुढचा शब्द त्यांच्या डोक्यात केव्हाचा उभा होता, दवाखान्यातल्या त्या पलंगापासून उभा होता. तो साधा दोन अक्षरांचा, जोडाक्षराचा, आणि जोडाक्षरं त्यांना फार नडायची. एकदा प्रयत्न केला, नुसता "म" आला. दुसऱ्यांदा "म... र". मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने त्या 'मर'च्या पुढे काय भरलं असेल ते देव जाणे. पण त्याने बोट काढलं नाही. थांबला. बाईंना त्या क्षणी त्याचं फार कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाच्या जोरावरच शब्द सुटला.

"मर्जी," बाई म्हणाल्या. "माझी... मर्जी. इथे... वर्ग... आहे."

मग मुलाने बोट बाजूला करून हळूच विचारलं, "आणि पडलीस तर?"

"पड...लेच... होते," बाई म्हणाल्या. "उठ...ले."

मुलाने मान खाली घातली. त्याच्या लक्षात आलं की आजारपण सुरू झाल्यापासून आईने इतकी वाक्यं बोललेली त्याने ऐकलीच नव्हती. त्याला वाटलं होतं तिला बोलताच येत नाही. बोलायला जागा आपण किती ठेवली होती, हे त्याने मनात तपासलं आणि त्याचे कान लाल झाले. तो खाली बघत पुटपुटला, "बरं."

बाईंनी मान हलवली. बरं म्हणजे काय बरं? या बरंच्या मागेही उद्या हा काहीतरी लावेल, डॉक्टर म्हणतात म्हणून, सूनबाई म्हणते म्हणून, बघू पुढच्या महिन्यात म्हणून. तोडक्या शब्दांवर भागवायचं तर समोरचा भरवशाचा हवा. हा अजून कच्चा होता.

"पूर्ण..." बाई म्हणाल्या, "पूर्ण... वाक्यात."

मुलगा उठून उभा राहिला. वर्गात उत्तर देताना उभं राहायचं असतं. त्याने डोळे पुसले, हात खाली सोडले आणि शाळेतल्यासारखं, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाला, "आई इथेच राहणार आहे, कारण तिची तशी मर्जी आहे."

बाईंनी खिडकीकडे बोट केलं. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मुलगा खिडकीशी गेला, खाली वाकला आणि तेच वाक्य त्यालाही मोठ्याने सांगितलं. मग टॉवेल काढून चाकांच्या खुर्चीची घडी केली आणि ती टेम्पोत ठेवायला खाली घेऊन गेला.